कडू पाण्याचे गाव

भावनगरला जाण्याचे मला खरे म्हणजे काहीच कारण नव्हते. तिथे ज्योतिर्लिंग नाही, थंड हवा नाही, आणि मराठीच्या प्राध्यापकाने परिषदेत निबंध वाचावा असा एखादा शिलालेख तिथे असल्याचेही माझ्या ऐकिवात नाही. तरीसुद्धा गेल्या फेब्रुवारीत, कॉलेजच्या तोंडी परीक्षा नुकत्याच आटोपलेल्या असताना, मी चार दिवसांची रजा टाकून निघालो. कारण माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. वहीच्या कागदाची चार घड्यांची एक चिठ्ठी. तीवर वेड्यावाकड्या, डाव्या हाताने काढलेल्या अक्षरांत तीन प्रश्न लिहिलेले होते.

प्रश्न माझ्या धाकट्या भावाचे, विनूचे. आणि ते ज्या ठिकाणी जाऊन विचारायचे होते ते ठिकाण म्हणजे भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था. आमची मुक्ता एम.एस्‌सी. होऊन गेल्या ऑगस्टपासून तिथे संशोधनासाठी राहिली आहे. विषय सेंद्रिय रसायनशास्त्र; आणि त्यातही कार्बनी संयुगांना ब्रोमीन जोडण्याच्या नव्या रीती. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा मी, जसा प्रत्येक बाप म्हणतो तसा, “वा, छान!” म्हणालो. संध्याकाळी दुकान बंद करून विनू आला, त्यालाही सांगितले. ‘ब्रोमीन’ हा शब्द ऐकल्यावर त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला, आणि तो तसाच गार झाला.

हे का, ते सांगितले पाहिजे. विनू बी.एस्‌सी. होऊन कोकणातल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला होता. २००८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ब्रोमीनची काचेची बाटली उचलताना तिचे बूड निसटले. उजव्या तळव्यापासून कोपरापर्यंत तो तांबडा द्रव ओघळला. ब्रोमीनची जखम विस्तवाच्या जखमेसारखी नसते; ती खोल जाते आणि भरायला महिनेच्या महिने घेते. धूर ओढून घेणारा पंखा दोन दिवसांपासून बंद होता. ब्रोमीन मारण्यासाठी जवळ ठेवायचा हायपो, तोच जो पूर्वी फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत असे, त्याची बाटली रिकामी होती. चौकशीच्या कागदावर मात्र एकच शब्द आला : निष्काळजीपणा. कोणाचा, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. विनू ती नोकरी सोडून पुण्याला आला, डाव्या हाताने लिहायला शिकला आणि आमच्याच पेठेत त्याने वह्या-पेन्सिलींचे व झेरॉक्सचे दुकान घातले. मुक्ता तेव्हा लहान होती. काकाच्या हाताच्या पांढऱ्या गाठोड्याला ती ‘बाहुली’ म्हणे, आणि काका तिला त्या बाहुलीकडून गोष्टी सांगवी.

“तिला नको म्हणून सांगू नकोस, दादा,” विनू म्हणाला, “पण एकदा तू जाऊन ये. मी गेलो तर तिला वाटेल, काका भीती घालायला आला.” आणि दुसऱ्या दिवशी त्याने ती चिठ्ठी आणून दिली.

वांद्र्याहून रात्रीची गाडी मिळते. वापी आणि अंकलेश्वर ही स्टेशने झोपेतच गेली. पण झोपेतही नाकाला कळतात अशी ती गावे आहेत. सकाळी डोळे उघडले तो बाहेर सपाट, भुरकट मुलूख, बाभळी, आणि मधूनच कापसाच्या पऱ्हाट्या. बोटाद गेले. मग सिहोर आले. भावनगर वसण्यापूर्वी गोहिल राजांची राजधानी ह्या सिहोरला होती. १७२३ साली भावसिंहजींनी खाडीच्या काठी नवे गाव वसवले आणि व्यापार तिकडे नेला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी ही माहिती मला गाठियांच्या पुडीबरोबर दिली. गाठिया इतक्या प्रेमाने पुढे केले होते की, मराठी माणसाने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे असते हा नियमही मी विसरलो.

स्टेशनवर मुक्ता आली होती. उन्हाने जरा काळवंडली होती आणि हिंदीत गुजराती मिसळून रिक्षावाल्याशी घासाघीस करीत होती. मुलगी परक्या गावात रिक्षावाल्याशी भांडताना पाहिली की बापाची अर्धी काळजी जाते, असा माझा अनुभव आहे. उरलेली अर्धी खिशात होती.

गाव शांत. टेकडीवर तख्तेश्वराचे पांढरे संगमरवरी देऊळ आहे. तिथून एका बाजूला घरांची दाटी आणि दुसऱ्या बाजूला दूर खंभातच्या आखाताची राखाडी रेघ दिसते. ज्या रस्त्यावर संस्था आहे त्याला गिजुभाई बधेकांचे नाव दिलेले आहे. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी ‘दिवास्वप्न’ वाचले नसेल तर त्यांनी ते वाचल्याचे निदान सांगितलेले तरी असते. मुलांना मारू नका, त्यांना हाताने करू द्या, असे सांगणाऱ्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर आपली मुलगी हाताने काही करायला आली आहे, हे मला बरे वाटले. संस्थेचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १० एप्रिल १९५४ रोजी केले. मीठ ही गोष्ट त्या काळच्या पुढाऱ्यांना केवळ आमटीत घालण्याची वस्तू वाटत नव्हती.

परंतु मुक्ताने मला आधी संस्था दाखवली नाही. “बाबा, आधी मिठागर बघा. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही,” असे म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला गावाबाहेर खाडीकडे नेले.

मुंबईकरांना मिठागर म्हटले की भांडुप-मुलुंडला लोकलच्या खिडकीतून दिसणारे चौकोन आठवतात, आणि रायगडकडच्यांना उरण-पेण. इथले चौकोन क्षितिजापर्यंत जातात. भरतीचे पाणी मोठमोठ्या तळ्यांत घ्यायचे आणि सूर्याच्या हवाली करायचे. तळ्यातून तळ्यात सरकता सरकता ते दाट होत जाते. दूरच्या तळ्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. ओल्या आरशावर कुणी गुलाबी शाई सांडावी तसा. त्यांची मान खाली आणि लक्ष खाण्याकडे. पर्यटक आले आहेत याची त्यांना पर्वा नव्हती.

तिथल्या मुकादमांनी आम्हांला बांधावरून फिरवले. साठीचे, सावळे, पायांत काही न घातलेले. मिठागरात काम करणाऱ्याला इकडे ‘अगरिया’ म्हणतात हे ऐकले आणि माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. आपल्याकडे आगर, आगरी. इथे अगर, अगरिया. मध्ये दीव-दमण, दोन राज्यांच्या सीमा आणि एक आखात. पण मिठाने शब्द कुजू दिलेला नाही. मी हे त्यांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “मास्तर, शब्द एक असला तर पायही एकच असतील.” आणि त्यांनी आपला तळवा उचलून दाखवला. कातडे फुटलेले, पांढरे, लाकडासारखे. अगरियाचे पाय चितेवरही लवकर जळत नाहीत, असे तिकडे म्हणतात. मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे दुसराच एक तळवा होता.

त्यांच्याजवळ पाण्यात सोडायची एक काचेची नळी असते. पाणी जितके दाट तितकी ती वर तरंगते, आणि तिच्यावरचे अंश वाचून पाण्याचे वय कळते. समुद्राचे ताजे पाणी तीन-साडेतीन अंशांचे. २५ अंशांना पोचले की मिठाचे दाणे धरू लागतात. आणि २९-३० अंश झाले की उरलेले पाणी निमूटपणे काढून टाकायचे. कारण त्यापुढे पडेल ते मीठ कडू होते. हे काढलेले पाणी तेलासारखे जड दिसते, किंचित पिवळट. मुकादमांनी बोट बुडवून जिभेला लावायला सांगितले. मी लावले. आयुष्यात अनेक कडू गोष्टी गिळल्या आहेत, त्यांत विद्यापीठाची परिपत्रकेही आली. पण हे कडूपण मॅग्नेशियमचे. एरंडेल परवडले.

ह्या टाकाऊ कडू पाण्यातच ते लपलेले असते. समुद्राच्या एका लिटरमध्ये ब्रोमीन, अर्थात क्षाररूपाने, जेमतेम ६५ मिलिग्रॅम. म्हणजे चिमटीतही यायचे नाही इतके. मीठ काढून घेता घेता पाणी आटते आणि ह्या कडू पाण्यात ते लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमपर्यंत साचते. ब्रोमीनचा शोधही अशाच पाण्यात लागला. दक्षिण फ्रान्समधले माँपेलिए हे गाव. तिथला आंत्वान बालार नावाचा तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण मिठागरातून टाकून दिलेले पाणी घेऊन बसला. त्यात त्याने क्लोरीन सोडला, तो पाणी नारिंगी-तांबडे झाले, आणि निघाला एक काळपट तांबडा, पाण्याच्या तिप्पट जड द्रव. साल १८२६. बालारने त्याला खाऱ्या पाण्यावरून नाव सुचवले होते. पॅरिसच्या पंडितांनी ते बदलून ग्रीक भाषेतला ‘दुर्गंधी’ हा शब्द त्याच्या गळ्यात बांधला, तो ब्रोमीन! जन्मदात्याने ‘सागर’ नाव ठेवावे आणि शाळेत गेल्यावर मास्तरांनी ‘घाणेरड्या’ म्हणून हाक मारावी तसे हे झाले.

ह्या बालारच्या आधी एक वर्ष जर्मनीत क्रॉइत्सनाखच्या झऱ्याच्या पाण्यातून लोविग नावाच्या विद्यार्थ्याने तोच द्रव काढला होता. गुरुजी म्हणाले, आणखी थोडा कर, मग छापू. तो करीत बसला आणि श्रेय गेले. आणि थोर लीबिगच्या हाती तर ही बाटली त्याच्याही आधी आली होती. त्याने घाईने तिच्यावर दुसऱ्याच संयुगाची चिठ्ठी लावली. पुढे चूक कळल्यावर ती बाटली त्याने ‘चुकांच्या कपाटात’ ठेवली म्हणतात. असे एक कपाट प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

परतताना मुक्ता म्हणाली, “आता इथून पुढचं कारखान्यात कसं होतं ते सांगते.” कडू पाण्यात क्लोरीन सोडायचा. क्लोरीन ब्रोमीनला हुसकावून त्याची जागा घेतो. वाफेने किंवा हवेने तो तांबडा धूर उडवून न्यायचा, गार करायचा, की झाला द्रव ब्रोमीन. नेहमीच्या तापमानाला द्रव असणारे अधातू मूलद्रव्य हे एकच. ५९ अंशांना उकळते, आणि बाटली उघडी राहिली तर उकळण्याचीही वाट बघत नाही. मग तो द्रव बाटल्यांत, पिंपांत भरून ट्रकने देशभर जातो. कुठे? तर औषधांना, आग न लागणाऱ्या प्लॅस्टिकला, रंगांना. आपल्या घरात खोकल्याचे औषध असते, त्यात पुष्कळदा ब्रोमहेक्सिन असते. ते मूळचे आपल्या अडुळशाचे पोर. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याचा धागा धरून रसायनज्ञांनी हे नवे औषध रचले, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत ब्रोमीनचे दोन अणू आहेत. माझी आजी अडुळशाची पाने वाफवून रस काढी. मला तो रस आवडत नसे, मात्र मुक्ताला मी ते गोड औषध कितीतरी वेळा चमच्याने पाजले आहे. त्या चमच्याच्या पलीकडच्या टोकाला अशीच एखादी काचेची बाटली आणि ती उचलणारा कुणाचा तरी हात असेल, हे तेव्हा डोक्यात आले नव्हते.

दुपारी पाहुण्यांच्या वहीत सही करून मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. खरे सांगायचे तर माझी छाती धडधडत होती. आत विशेष काही नव्हते. फरशीचे ओटे, काचेची नळकांडी, पांढरे डगले घातलेली सात-आठ मुले-मुली, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी झाकून ठेवलेला डबा बाहेर न्यायला सांगणारी एक पाटी. मी चिठ्ठी उघडली.

पहिला प्रश्न : पंखा चालू असतो का? मुक्ताने धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटाशी नेऊन एक कागदाची पट्टी आत धरली. ती सरळ आत ओढली गेली. “रोज सकाळी आधी हे. मग बाकीचं.”

दुसरा प्रश्न : हायपो कुठे असतो? तिने बोट दाखवायच्या आत मला तो दिसला. ओट्याच्या टोकाला मोठी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, वर तारीख. मी उगाचच ती हलवून बघितली.

तिसरा प्रश्न : बाटली कोण उचलतो? यावर मुक्ता जरा थांबली. “बाबा, ह्याचं उत्तर सरळ नाही. बसा.”

मग तिने जे सांगितले ते मला जसे कळले तसे सांगतो. वाचकांपैकी जे रसायनशास्त्राचे असतील त्यांनी सांभाळून घ्यावे.

ब्रोमीनचे अणू जोडीने हिंडतात. एखाद्या कार्बनी रेणूला ब्रोमीन लावायचा म्हटले की जोडीतला एक अणू चिकटतो, आणि दुसरा तिथला हायड्रोजन घेऊन आम्ल बनून चालता होतो. म्हणजे आमंत्रण दोघांना आणि पान एकालाच! मुकादमाच्या तळव्याची कातडी सोलून, लाख लाख लिटर पाणी आटवून जे मिळवले, त्यातले नेमके अर्धे वाया. शिवाय त्या आम्लाची विल्हेवाट लावण्याची उठाठेव निराळी. आपल्या घरी लोणी कढवल्यावर तळाची बेरीसुद्धा साखर घालून पोरांना देतात. इथे अर्धे तूपच मोरीत. १९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट नावाच्या अमेरिकन रसायनज्ञाने हाच प्रश्न विचारला होता, की घातलेल्या अणूंपैकी हवे त्या पदार्थात किती गेले? तोपर्यंत लोक फक्त ‘माल किती निघाला’ एवढेच विचारीत.

भावनगरच्या मंडळींनी ह्यावर एक युक्ती काढली, आणि ती मिठागराच्या इतक्या जवळ राहिल्यामुळेच सुचली असावी असे मला वाटते. द्रव ब्रोमीन होण्याच्या आधी, तांबडा धूर अल्कलीत जिरवून ठेवण्याची एक पायरी काही कारखान्यांत असते. तिथे ब्रोमीन दोन क्षारांच्या रूपात बसतो : ब्रोमाइड पाच भाग आणि ब्रोमेट एक भाग. कारखानदार त्यावर आम्ल ओतून पुन्हा ब्रोमीन मोकळा करतात. ह्यांनी म्हटले, मोकळा करताच कशाला? त्या मिश्रणातल्या थोड्या ब्रोमाइडचे, कपडे पांढरे करणाऱ्या द्रवासारख्या हायपोक्लोराइटने, ब्रोमेट करून टाकायचे. पाचास एक हे प्रमाण दोनास एक झाले की काम झाले. आता हे मिश्रण सुकवून ठेवा, पोत्यात भरा. धूर नाही, दर्प नाही. लागेल तेव्हा कार्बनी पदार्थात मिसळून हलके आम्ल द्यायचे, की दोन ब्रोमाइड आणि एक ब्रोमेट मिळून तीन ब्रोमीन तयार होतात, आणि तिन्हीच्या तिन्ही पानावर बसतात. २००६ साली ‘ग्रीन केमिस्ट्री’ ह्या इंग्रजी नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. मुक्ता तेव्हा दुधाचे दात पाडीत होती आणि तिचा काका अजून धडधाकट होता.

“आणि मग उरतं काय?” मी विचारले.

“हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर? मीठ आणि पाणी.”

मला हसू आवरेना. सकाळपासून जे पाहत होतो तेच! मीठ आणि पाणी.

तिचे स्वतःचे काम याच्या पुढचे आहे, ते मला अर्धेमुर्धेच कळले. ब्रोमीन लावतात ते पुष्कळदा तो तिथे कायम राहावा म्हणून नव्हेच. एस.टी. फलाटाला लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना? ब्रोमीन हा तो रुमाल. पुढे खरा प्रवासी, म्हणजे कार्बनचा दुसरा तुकडा, येतो, रुमाल उचलला जातो आणि तो तिथे बसतो. आणि ही बसवाबसव करणारा कंडक्टर म्हणजे उत्प्रेरक; ह्या बाबतीत पॅलेडियम हा महागडा धातू. तो स्वतः कुठेच बसत नाही. एकाला बसवून दुसऱ्याकडे जातो, म्हणून किंचितसा पुरतो. याच कामाबद्दल २०१० मध्ये हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘उत्प्रेरक’ हा शब्द आम्ही भाषेचे लोक हल्ली लेखकाच्या बायकोपासून सरकारी योजनेपर्यंत कोणालाही लावतो. इथे पाहिले तेव्हा कळले की, त्याची खरी खूण काम घडवणे ही नव्हे, काम घडवून पुन्हा रिकाम्या हाताने उभे राहणे ही आहे.

आणि माणसाने याचा फार गर्व करू नये. भूमध्य समुद्रातल्या एका गोगलगायीपासून सम्राटांच्या वस्त्रांचा जांभळा रंग काढीत. १९०९ साली फ्रीडलेंडर ह्या रसायनज्ञाने बारा हजार गोगलगायी खर्चून १.४ ग्रॅम रंग मिळवला, आणि तपासतो तो त्यात ब्रोमीन! कित्येक समुद्रशैवाले तर व्हॅनेडियम धातूचा कण पोटात धरून, समुद्रातल्या त्या ६५ मिलिग्रॅमांतूनच ब्रोमीन उचलतात आणि कार्बनला जोडतात. थंड पाण्यात, धुराशिवाय, बाटलीशिवाय. मुक्ताच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आम्ही अजून शेवाळाच्या शाळेत पहिलीत आहोत.”

पण तिसरा प्रश्न राहिलाच होता. मी पुन्हा विचारला. मुक्ताने लपवाछपवी केली नाही. ही पांढरी भुकटी सगळीकडे चालतेच असे नाही. शिवाय ब्रोमेट काही अगदी साधुसंत नव्हे. पावाच्या पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालीत असत, ते आपल्याकडे २०१६ मध्ये आरोग्याच्या कारणावरून बंद करावे लागले. तेव्हा भुकटीलाही हातमोजे लागतात. आणि नवी रीत जुनीपेक्षा चांगली आहे हे दाखवायचे तर जुनी रीतही करून दाखवावी लागते. म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी तांबडी बाटली कपाटातून निघतेच. लहान, शंभर मिलिलिटरची.

“कोण उचलतं?”

“मी. पण खाली ट्रे असतो, आणि बूड मी हाताने धरते. काकाने शिकवलंय.”

“कधी?”

“मी अकरावीत असताना. त्याने दुकानात रिकाम्या बाटलीवर दाखवलं होतं. तुम्हांला सांगू नको म्हणाला होता.”

मी चिठ्ठीची घडी घातली. सदऱ्याच्या खिशात ठेवायला गेलो, तर ती जाईना.

रात्री तिच्या खोलीवर बाजरीचा रोटला आणि शेव-टमाट्याची भाजी झाल्यावर आम्ही विनूला फोन लावला. पंख्याचे सांगितले, हायपोचे सांगितले. तो नुसते ‘हूं’ म्हणत होता. मग मुक्ताने फोन हातात घेऊन त्या भुकटीबद्दल सगळे सांगितले. पाचास एक, दोनास एक, मीठ आणि पाणी. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटले, लाइन गेली.

“वास येतो का तिला?” विनूने विचारले.

“नाही रे काका. काहीच नाही.”

“पांढरी म्हणतेस?”

“पांढरी.”

पुन्हा थोडा वेळ गेला.

“बाटलीत भरून ठेवताना चिठ्ठी लाव,” तो म्हणाला. “मीठ समजून कुणीतरी उचलेल.”